कुर्ल्याची खोती आणि तुंबाडचे भय

साष्टीच्या महसुली इतिहासात १८०८ सालचा एक व्यवहार असा आहे, की मुंबईच्या कोटात अपोलो गेटजवळ असलेली आपली जागा कंपनी सरकारच्या हवाली करून होरमसजी बमनजी वाडिया यांनी तिच्या मोबदल्यात कुर्ला, मोहिली, कोळेकल्याण, मरोळ, सहार, असल्फे आणि पर्जापूर ही सात गावे पदरात पाडून घेतली. शेत नांगरणारा एक, सारा उगवणारा दुसरा आणि सनद बाळगणारा तिसरा, या त्रैराशिकावर उभ्या असलेल्या कुर्ल्यात पुढे आगगाडी आली, १८८६ साली जमशेटजी टाटांनी विकत घेतलेल्या धरमसी गिरणीची स्वदेशी मिल झाली, मोटारींचा कारखाना उभा राहिला; आणि भाताच्या खाचरांवर चाळी व झोपड्या चढल्या. साष्टीतील अशा जहागिरींच्या महसुली सवलती १९५१ च्या कायद्याने संपुष्टात आणल्या. भयपटांविषयी लिहिताना हे जमिनीचे प्रकरण प्रथम काढण्याचे कारण असे, की मराठी भयकथेचा सर्वांत यशस्वी चित्रावतार ‘तुंबाड’ हा वतनाच्या आणि वारशाच्या लोभातूनच जन्मास आला आहे.

त्याच्या आधी, अल्प भांडवलात भय निर्माण करण्याची विद्या मुंबईत रॅम्से कुटुंबाने रुजविली. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या आणि लॅमिंग्टन रस्त्यावर रेडिओचे दुकान चालविणाऱ्या फतेहचंद रॅम्से यांचा १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट साफ पडला. परंतु त्यातील ज्या एका प्रसंगात पृथ्वीराज कपूर राक्षसाचा मुखवटा चढवून चोरी करतात, तेवढा पाहण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा येतात हे त्यांच्या मुलांनी हेरले. त्यातून १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ निर्माण झाला. तुलसी व श्याम दिग्दर्शनास, कुमार लेखनास, गंगू कॅमेऱ्यास, किरण ध्वनीस आणि अर्जुन संकलनास, अशी घरच्या घरी वाटणी करून, महाबळेश्वरास मुक्काम ठोकून, काही लाखांत आणि अल्पावधीत त्यांनी तो पुरा केला. १९९० च्या ‘बंद दरवाजा’मध्ये तर ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युलाच हिंदी वेषात अवतरला. गिरण्या-कारखान्यांच्या पाळ्या सुटल्यावर स्वस्त तिकिटाच्या रांगेत उभा राहणारा कुर्ल्यासारख्या वस्तीतला श्रमिक, हाच या चित्रपटांचा खरा आश्रयदाता होता. त्याच्या रुचीला ग्राम्य म्हणून हिणविणाऱ्या समीक्षेने या काटकसरीतील कौशल्याची कधी कदर केली नाही, हा अन्याय मला नेहमी सलत आला आहे.

मराठी वाचकाचे भय मात्र भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून घरी येत असे, आणि ते आणणाऱ्यांत नारायण धारप (१९२५–२००८) अग्रगण्य होते. त्यांची ‘आजी’ ही कथा स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेवरून घेतलेली आहे. परक्याचे कथानक आपल्या मातीत लावणे ही मराठी साहित्याची जुनीच वहिवाट आहे; आगरकरांनी हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ १८८३ सालीच केले होते. आणि किंग तरी स्वयंभू कोठे? त्याच्या कथेतील म्हातारी ज्या अमंगळ सत्तेला आवाहन करते तिचे हस्तुर हे नाव अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्सने एका मेंढपाळाच्या कथेत योजिले, चेंबर्सने १८९५ साली उचलले आणि विश्वातीत, मनुष्याविषयी सर्वस्वी उदासीन अशा देवतांची सृष्टी रचणाऱ्या भयकथाकार लव्हक्राफ्टने त्याचा ओझरता उल्लेख केला.

१९९३ साली नागझिऱ्याच्या अरण्यात एका रात्री मित्राच्या तोंडून धारपांची कथा ऐकलेला मुलगा, ‘थँक यू मिस्टर ग्लाड’चे लेखक अनिल बर्वे यांचा पुत्र राही, पुढे दिग्दर्शक झाला. २००८ साली ‘मांजा’ हा लघुपट अत्यल्प खर्चात केल्यानंतर त्याने ‘तुंबाड’साठी सातशे पानांचे चित्रित आराखडे काढले, २०१२ साली चित्रीकरण सुरू झाले, मनासारखे न उतरल्याने ते पुन्हा आरंभिले, आणि खरा पाऊस हवा म्हणून पावसाळ्यामागून पावसाळे त्यात गेले. सोहम शाह यांनी निर्मितीचा भार वाहिला व नायकाची भूमिकाही केली. छायालेखन पंकज कुमार यांचे. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित होण्यापूर्वी व्हेनिस चित्रपट महोत्सवाच्या समीक्षक-सप्ताहाचा प्रारंभ याच चित्रपटाने झाला.

शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची आठवण देणारे आहे, आणि माझ्या मते रूपांतराचे सारे मर्म या खोतीच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करण्याच्या वंशपरंपरागत हक्काच्या, वातावरणात आहे. धारपांच्या कथेतील आजीचे भय एका खोलीपुरते होते. बर्वे यांनी त्यास १९१८ ते १९४७ पर्यंतचा काळ, ढासळता वाडा, सोन्याचा लोभी विनायकराव आणि सोने व धान्य दोन्हींसाठी हपापलेला, परंतु अन्नास मुकलेला देवीपुत्र हस्तर दिला. त्याला भुलविण्यासाठी नायक जी वस्तू घेऊन विहिरीत उतरतो ती साधी कणकेची बाहुली आहे. कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात मूठभर पिठात होणारी ही वस्तू महागड्या युक्त्यांहून अधिक थरकाप उडविते, कारण भुकेचा अर्थ तिच्यात आहे. लव्हक्राफ्टची सृष्टी ताऱ्यांपलीकडून येते; आमची विहिरीतून, भिंतीतून आणि बापजाद्यांच्या दस्तऐवजातून येते. ज्या मुलखात १९४९ च्या कायद्यापर्यंत खोती नांदली, तेथे याहून सयुक्तिक दैवत कल्पिता येणार नाही.

१३ सप्टेंबर २०२४ रोजी हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक उत्पन्न देऊन गेला. कॅमेरा खिशात मावणाऱ्या आजच्या तरुणांना, विशेषतः कुर्ल्याच्या खाडीकाठच्या जुन्या वाड्या आणि बंद पडलेल्या कारखान्यांच्या भिंती रोज पाहणाऱ्यांना, माझी एवढीच विनंती आहे, की धारपांच्या आणि गूढकथाकार रत्नाकर मतकरींच्या कथा आधी मुळातून वाचाव्यात, आपल्या गावठाणाचे जुने उतारे काढून पाहावेत, मग आपला भयपट काढावा, आणि तो पुरा झाल्यावर ज्याची कथा घेतली त्या लेखकाचे नाव पहिल्या पाटीवर ठळक अक्षरांत द्यावे.