ऑटो-आयरिस लेन्सची जोडणी (जुने सुरक्षा कॅमेरे)

प्रकाशानुसार आपोआप उघडझाप करणारा पडदा (आयरिस) असलेली लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी चार तारांची वायर व तिचा प्लग. ॲनालॉग बॉक्स कॅमेऱ्याच्या बाजूला यासाठी लहान चौकोनी चार पिनांचे सॉकेट असते. पॅनासॉनिकच्या पुस्तिकांत या प्लगचा क्रमांक वायएफई४१९१जे१०० असा छापलेला आहे.

प्रकार : डीसी लेन्समध्ये फक्त दोन कॉइल असतात (पडदा हलवणारी ड्राइव्ह आणि त्याची हालचाल आवरणारी डॅम्पिंग), त्यांना चालवणारे सर्किट कॅमेऱ्यात असते. व्हिडिओ लेन्समध्ये ते सर्किट लेन्सच्या अंगातच असते. तिच्यावर ‘लेव्हल’ व ‘एएलसी’ असे दोन बारीक स्क्रू दिसतात. अनेक कॅमेऱ्यांवर या दोन प्रकारांसाठी निवड-स्विच असतो.

पिनांचा क्रम : डीसी लेन्स – १ डॅम्पिंग ऋण, २ डॅम्पिंग धन, ३ ड्राइव्ह धन, ४ ड्राइव्ह ऋण. व्हिडिओ लेन्स – १ वीजपुरवठा, २ रिकामी, ३ व्हिडिओ संकेत, ४ ग्राउंड. आकृती प्लगच्या तोंडाकडून काढली आहे की सोल्डरच्या बाजूने, हे आधी पाहावे; बाजू उलटली की क्रम आरशातल्यासारखा फिरतो. तारांचे रंग उत्पादकागणिक बदलतात, त्यामुळे केवळ रंगावर विसंबणे योग्य नाही.

खुणा नसताना : कॅमेरा बंद करून लेन्सची वायर सोडवावी व मल्टिमीटरने तारांच्या जोड्या मोजाव्यात. डीसी लेन्समध्ये एकमेकींशी न जुळलेल्या दोन जोड्या सापडतात. बऱ्याच लेन्समध्ये ड्राइव्ह कॉइल सुमारे १९० ओहम, तर डॅम्पिंग कॉइल सुमारे ५०० ओहम भरते. ड्राइव्ह कॉइलला सुमारे ३ व्होल्ट योग्य धन-ऋण जुळवून क्षणभर दिल्यास पडदा उघडतो आणि वीज काढताच स्प्रिंगमुळे मिटतो. व्हिडिओ लेन्समध्ये सर्किट असल्याने असे स्पष्ट आकडे मिळत नाहीत. तिला अंदाजाने वीज देऊ नये. हे मोजमाप काही मिनिटांचे आहे आणि चांगली लेन्स भंगारात जाण्यापासून वाचवते, म्हणून दुरुस्तीत त्याला पहिले स्थान द्यावे.

बिघाडाच्या खुणा : ड्राइव्हची तार तुटली किंवा उलट जोडली गेली, तर पडदा मिटलेला राहून चित्र काळे पडते. डॅम्पिंग उलटे असल्यास चित्र सतत उजळते-काळवंडते. मात्र प्रत्येक वेळी दोष वायरीचाच नसतो : इलेक्ट्रॉनिक शटर स्वयंचलित ठेवल्यास तेही आयरिसशी झगडते, ते बंद करून पाहावे.

धाराशिव जिल्हा : बालाघाट डोंगररांगांतील या जिल्ह्यात उन्हाळ्याचे ऊन प्रखर असते. तुळजापुरात तुळजाभवानी मंदिराच्या राजे शहाजी महाद्वारासारख्या ठिकाणी भर दुपारचा उजेड आणि दगडी कमानीखालची सावली एकाच दृश्यात येतात. अशा जागी पडद्याचे बरोबर चालणे चेहरा ओळखू येण्यासाठी महत्त्वाचे ठरते. पोलीस ठाण्यांची गोष्ट मात्र वेगळी : सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात देशभरातील पोलीस ठाण्यांसाठी रात्रदृष्टी व ध्वनिमुद्रण असलेले कॅमेरे सक्तीचे केले. तो आदेश या जिल्ह्यालाही लागू आहे. केवळ चित्र देणारे जुने बॉक्स कॅमेरे त्या निकषात बसत नाहीत. दुकान, गोदाम वा शेतघरासाठी मात्र ते अजूनही कामाचे आहेत.

लेन्सची बैठक : सी आणि सीएस. सी लेन्स सीएस कॅमेऱ्यावर बसवताना ५ मिमी जाडीची रिंग लागते.

पी-आयरिस : ही आयरिस स्टेपर मोटरवर चालते, म्हणून पिनांचा वरील क्रम तिला लागू नाही.