झुनींच्या मक्याच्या कन्या

मक्याचे कणीस आपण निखाऱ्यावर भाजतो, मीठ-लिंबू चोळतो आणि खातो. पण अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या पश्चिम भागात राहणाऱ्या झुनी लोकांना विचाराल, तर कणीस ही कन्या आहे! उत्तरेची पिवळी, पश्चिमेची निळी, दक्षिणेची तांबडी, पूर्वेची पांढरी, आकाशाची बहुरंगी आणि पाताळाची काळी, अशा सहा दिशांच्या या सहा कन्या. त्यांचा मान राहिला नाही तेव्हा त्या निघून गेल्या, दुष्काळ पडला आणि विनवण्या करून त्यांना परत आणावे लागले, अशी कथा आहे. झुनींमध्ये कूळ आईकडून चालते, कोठारातले धान्यही बाईच्याच ताब्यात असे. तेव्हा कणसाला स्त्रीरूप मिळाले, यात नवल ते काय?

शिंपल्यात किंवा सांबरशिंगात कोरलेली, वर चेहरा आणि खाली दाणेच दाणे अशी मूर्ती दुकानात दिसते. पुष्कळ ग्राहक तिला प्राचीन देवी समजून घेतात. तसे नाही हो! फ्रँक कशिंगने १८८३ साली झुनींच्या कोरीव वस्तूंवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात भर आहे तो अस्वल, लांडगा, गरुड अशा शिकारी प्राण्यांवर. कन्येची विक्रीची मूर्ती ही बरीच अलीकडची कला आहे. पूजेच्या वस्तू वेगळ्या. त्या विकायच्या नसतात. म्हणून तर १९७८ साली झुनींनी डेन्व्हरच्या कलासंग्रहालयाकडे आपली लाकडी युद्धदेवता मागितली आणि १९८० मध्ये ती परत मिळवली. ती उघड्यावर, ऊनपावसात झिजू द्यायची असते.