विझलेल्या भट्टीच्या विटा

कोकणात जुने घर उतरविले म्हणजे त्याचे चिरे कोणी टाकून देत नाही. सुबक असतील ते नव्या भिंतीत जातात, कोपरे उडालेले गडग्याला लागतात. अणुभट्टीतही अशाच विटा असतात, त्या ग्रॅफाइटच्या. भट्टी विझल्यावर त्या विटांचे काय करावयाचे, या प्रश्नाचा इतिहास ऐंशी वर्षांहून जुना आहे. राजापूर तालुक्यात अणुवीज प्रकल्प व्हावा की न व्हावा, यावर आपल्या जिल्ह्यात पुष्कळ वाद झाला. अशा जिल्ह्यातील नागरिकांस हा इतिहास ठाऊक असावा, म्हणून आम्ही तो येथे मांडीत आहो.

शिसपेन्सिलीत शिसे नसते. माती मिसळलेले ग्रॅफाइट असते, आणि ग्रॅफाइट हे कार्बनचेच एक रूप. युरेनियमचा अणू फुटला म्हणजे न्यूट्रॉन नावाचे कण सुसाट बाहेर पडतात. त्यांचा वेग कमी झाला तरच ते पुढचे अणू सहज फोडतात. ग्रॅफाइटवर आदळत आदळत न्यूट्रॉन मंदावतो, पण त्यात फारसा गिळला जात नाही. यासाठी शुद्ध ग्रॅफाइटचे ठोकळे रचून मधून मधून युरेनियम ठेवण्याची युक्ती निघाली.

२ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे एन्रिको फर्मी यांच्या देखरेखीखाली अशी पहिली रास चालू झाली. तिच्यात चाळीस हजारांहून अधिक ठोकळे होते. ते कापण्याच्या व रचण्याच्या कामी शास्त्रज्ञांच्या जोडीला शाळा सोडलेली मजूर पोरेही होती, हे इतिहासाच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत येऊन जाते. थोड्याच महिन्यांत, १९४३ साली, ही रास मोडून तेच ठोकळे शहराबाहेर नेले व त्यांतून दुसरी रास उभारली. म्हणजे वापरलेल्या ग्रॅफाइटचा पहिला पुनर्वापर अगदी आरंभीच झाला! तो साधला याचे कारण उघड आहे. पहिली रास जेमतेम दोनशे वॅटपर्यंतच चालविली होती. तिच्या विटा फारशा बाधल्याच नव्हत्या.

पुढे भट्ट्या मोठ्या झाल्या आणि हे सुख संपले. इंग्लंडात विंडस्केल येथील दोन भट्ट्यांत प्रत्येकी सुमारे दोन हजार टन ग्रॅफाइट होते. न्यूट्रॉनचा मारा बसून ग्रॅफाइटमधील अणू जागचे हलतात व त्यात ऊर्जा साठून राहते. ती मोकळी करण्यासाठी भट्टी मुद्दाम तापवीत असत. अशाच एका खेपेनंतर १० ऑक्टोबर १९५७ रोजी तेथे आग लागल्याचे आढळले. सुमारे ५०० चौरस किलोमीटर टापूतील गवळ्यांचे दूध ओतून द्यावे लागले. त्या जळक्या भट्टीचा गाभा आजही पुरता उतरविलेला नाही.

उतरविणे अवघड का? ग्रॅफाइटमध्ये कार्बन-१४ तयार होतो. त्याची किरणे निम्म्यावर यावयास ५,७३० वर्षे लागतात. क्लोरीन-३६ ला तर तीन लाख वर्षे. असे ग्रॅफाइट जगात सुमारे अडीच लाख टन आहे. त्यात एकट्या ब्रिटनचा वाटा लाखाच्या घरात जातो.

यावर उपाय शोधले जात आहेत. जाळावे, तर किरणोत्सारी कार्बन वायू होऊन हवेत जातो. तो पकडून ठेवणे हेच खरे काम. दुसरा उपाय भाजण्याचा. कार्बन-१४ चा बराच अंश पृष्ठभागाजवळ असल्याने तो तापवून काढता येतो. २००८ ते २०१३ या काळात युरोपात यावर संयुक्त संशोधन झाले. ब्रिस्टल विद्यापीठाने २०१६ मध्ये या कार्बनचा हिरा करून त्यातून वीज घेण्याची कल्पना जाहीर केली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अशी पहिली बॅटरी तयार झाल्याचे सांगितले. कल्पना सुंदर आहे. तथापि एक ग्रॅम कार्बन-१४ पासून दिवसाला पंधरा ज्यूल ऊर्जा मिळते. माणसाच्या छातीतील यंत्राला एवढी ऊर्जा उपयोगी पडेल, गावच्या दिव्यांना नाही. आणि हिऱ्यासाठी कार्बन काढून घेतला तरी विटांचा ढीग फारसा ओसरत नाही.

हे सारे परदेशातलेच आहे असे नव्हे. तुर्भे येथील ‘सायरस’ भट्टी १९६० साली चालू झाली आणि ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली. तिच्यात न्यूट्रॉन मंद करण्यास जड पाणी होते, पण निसटणारे न्यूट्रॉन परत फिरविण्यासाठी भोवती ग्रॅफाइट रचले होते. जैतापूरसाठी योजिलेल्या फ्रेंच भट्ट्यांत ग्रॅफाइट नाही, साधे पाणी आहे. हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण भट्टी कोणतीही असो, एक दिवस ती विझते, आणि तिचे लोखंड, काँक्रीट व जळीत इंधन मागे उरते.

ते हलविणार कोण? १९८६ साली चेर्नोबिलच्या छपरावर ग्रॅफाइटचे तुकडे उडून पडले. यंत्रे निकामी झाली तेव्हा सैनिकांच्या हाती फावडी दिली गेली. एकेकाला मिनिट-दोन मिनिटेच वर थांबता येई. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्टने एका मजुराचा जीव घेतला. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की हे काय आहे.

कामगार संघटनेच्या कामात आम्ही एक गोष्ट वारंवार पाहिली. कारखान्याच्या कोनशिलेला सगळे येतात. तो मोडताना यंत्रे उतरविणाऱ्या कंत्राटी मजुराचे नाव मुकादमाच्या वहीतही सापडत नाही. अणुभट्टीच्या बाबतीत हे परवडणारे नाही, कारण तिची मोडणी एका पिढीत आटपत नाही. म्हणून प्रकल्पाला आपला पाठिंबा असो वा विरोध, तीन प्रश्नांची लेखी उत्तरे आपण आधीच मागावीत. मोडणीचा पैसा कोठे जमा होणार? तिचा माल कोठे ठेवणार? आणि तो हलविणाऱ्या प्रत्येक माणसाच्या अंगावर किती किरणे पडली याची नोंद, तो कायम असो वा कंत्राटी, कोण ठेवणार व त्याला ती कोण दाखविणार? शिकागोच्या त्या पोरांना हे विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला ती आहे.