महाडचे भाषण आणि आपली वधूवर सूची



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी आपल्याच पूर्वजांचा इतिहास येतो. यंदा आम्ही ज्या भाषणाचा विचार मांडीत आहोत, ते आपण आजवर ‘दुसऱ्यांचे’ म्हणून दूर ठेविले. ते भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 25 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत अध्यक्ष या नात्याने केले.

त्याची पूर्वपीठिका अशी. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलाने 1923 साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली तो अंगीकारला. पण चवदार तळ्याचे पाणी कोणास घेता येईना. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांसह परिषदेचे लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्याच दिवशी त्यांस मारहाण झाली, आणि पुढे तळ्याचे शुद्धीकरणही करण्यात आले.

अशा वेळी वक्त्याने गाऱ्हाणे मांडावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. बाबासाहेबांनी तसे केले नाही. हे पाणी प्याल्याने कोणी अमर होत नाही आणि ते न मिळाल्याने आजवर कोणी मेलेही नाही, असे त्यांनी आरंभीच मान्य करून टाकले. मग तळ्यावर जावयाचे कशासाठी? इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी! एवढ्याने प्रश्न तहानेचा उरला नाही, बरोबरीचा झाला. पाणी वाढण्याची दया दाखवून तो सुटण्याजोगा राहिला नाही. पुढे त्यांनी परिषदेस 1789 च्या फ्रान्समधील राष्ट्रसभेची उपमा दिली आणि गावच्या तळ्यास जगाच्या इतिहासात स्थान मिळवून दिले.

या युक्तिवादाचे बळ आम्हांस आमच्या बालपणावरून उमगले. 1955 चा अस्पृश्यतानिवारक कायदा होऊन बरीच वर्षे लोटली होती. तरीही विहिरीवर काही बाया घागरी घेऊन दूर उभ्या राहत. आमची आई पोहरा ओढून त्यांच्या घागरीत वरून पाणी ओती. घरात सारे म्हणत, ‘केवढी दयाळू!’ ती दयाळू होतीच. परंतु त्या बायांस काठावर पाय ठेवू द्यावा, हे कोणाच्या मनातही आले नाही. पुढे येलदरीस पूर्णेवर धरण झाले, कालव्यांनी पाणी दूरदूरच्या शेतांत गेले. त्या पाण्यास कोणी जात विचारीत नाही. माणसास मात्र अजून विचारतो.

त्याच भाषणात बाबासाहेब पाण्यापाशी थांबले नाहीत. अस्पृश्यतेचे मूळ बेटीबंदीत आहे, वरवरची बंधने सैल करून भागणार नाही, असे त्यांनी सांगितले. ही समाजक्रांती शांततेने होईल की नाही, हे वरिष्ठ वर्गांच्या वर्तनावर अवलंबून आहे, असेही ते म्हणाले. तळ्याचा न्याय 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयात झाला. बेटीबंदीचा न्याय मात्र कोणतेही न्यायालय करू शकत नाही. तो आपल्या घरांतच व्हावयाचा आहे.

या स्मरणिकेच्या अखेरीस वधूवर सूची आहे. ती आम्हीही अनेक वर्षे हौसेने लिहून काढली. ती बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्ञातीबाहेर विवाह करणाऱ्या मुलामुलींची नावे आपण कुटुंबनोंदीतून गाळीत आलो आहोत. पुढील वर्षापासून ती गाळू नयेत, जोडीदाराच्या नावासह छापावीत, एवढीच मंडळास आमची नम्र विनंती आहे.