कुकी: विसराळू वेबची चिठ्ठी

१/६
१९९४ साली वेब विसराळू होते. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेला वाचक सर्व्हरला प्रत्येक वेळी नवखाच वाटे. मग ऑनलाइन दुकानात निवडलेल्या वस्तू लक्षात ठेवायच्या कुणी?

२/६
नेटस्केप कंपनीतील तरुण अभियंता लू माँटुली याने उपाय काढला. संकेतस्थळाने छोटी चिठ्ठी वाचकाच्याच संगणकावर ठेवावी. पुढच्या भेटीत ब्राउझरने ती परत दाखवावी. प्रोग्रामरांच्या बोलीतील ‘मॅजिक कुकी’वरून तिला कुकी हे नाव मिळाले. एकाची चिठ्ठी दुसऱ्या संकेतस्थळाला वाचता येत नसे.

३/६
पळवाट मात्र उरली. एकाच जाहिरात कंपनीच्या जाहिराती अनेक संकेतस्थळांवर झळकू लागल्या आणि प्रत्येक ठिकाणी तिची स्वतःची चिठ्ठी तिच्याकडे परत येऊ लागली. वाचकाचा माग असा जुळत गेला.

४/६
फेब्रुवारी १९९७ मधील ‘आरएफसी २१०९’ या मानकाने अशा थर्ड-पार्टी कुकी मुळातच बंद असाव्यात, असे सांगितले. त्याचा एक लेखक स्वतः माँटुली होता. तरीही नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या प्रमुख ब्राउझरांनी ते पाळले नाही.

५/६
१ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला: आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. मार्च २०२० मध्ये सफारीने थर्ड-पार्टी कुकी सरसकट रोखल्या.

६/६
आज ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये त्या रोखता येतात, साठलेल्या पुसताही येतात. त्यानंतर पुन्हा लॉगिन करावे लागू शकते. परंतु बहुसंख्य लोक सेटिंग्ज उघडतच नाहीत. म्हणूनच १९९७ चा वाद मुळात काय बंद असावे, याचा होता.