आर-एच निगेटिव्ह माता आणि तिचे बाळ

आईचा रक्तगट आणि तिच्या उदरातील बाळाचा रक्तगट यांचा मेळ न बसल्यास आईच्या शरीरातील प्रतिद्रव्ये बाळाच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करू लागतात. बाळाला तीव्र रक्तक्षय होतो, कावीळ होते आणि काही वेळा ते पोटातच दगावते. शंभर वर्षांपूर्वी या आपत्तीचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. पहिले मूल सुदृढ जन्मलेल्या घरात दुसरे, तिसरे मूल एकामागून एक हाती लागेनासे होई आणि दोष मात्र त्या मातेच्या नशिबाला, तिच्या पायगुणाला किंवा कोणाच्या तरी दृष्टीला दिला जाई. आज हा विकार जवळजवळ पूर्णपणे टाळता येतो. तरीही माहितीच्या अभावी काही बाळे दगावतात आणि काही मुलींची लग्ने केवळ 'रक्तगट निगेटिव्ह आहे' एवढ्याच कारणाने मोडतात. म्हणून हा विषय प्रत्येक कुटुंबाने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

रक्तगट म्हणजे काय?

व्हिएन्नाचे शास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मानवी रक्ताचे गट प्रथम दाखवून दिले. ए, बी, एबी आणि ओ हे गट आपल्या परिचयाचे आहेत. या शोधाबद्दल त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९४० साली लँडस्टायनर व अलेक्झांडर वीनर यांनी ऱ्हीसस जातीच्या माकडांच्या रक्तावर प्रयोग करीत असता आणखी एका घटकाचा शोध प्रसिद्ध केला. त्या माकडाच्या नावावरून त्यास 'आर-एच' हे नाव पडले.

तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर 'डी' नावाचा प्रतिजन असेल, तर ती व्यक्ती आर-एच पॉझिटिव्ह आणि तो नसेल, तर आर-एच निगेटिव्ह. रक्तगटापुढे लिहिलेले अधिक वा उणे चिन्ह हेच दर्शविते. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात सुमारे पंधरा जण निगेटिव्ह असतात. भारतात हे प्रमाण शंभरात साधारण पाच इतके आहे. निगेटिव्ह असणे हा आजार नव्हे, दोष नव्हे आणि अशक्तपणाही नव्हे. डोळ्यांच्या वा केसांच्या रंगाप्रमाणे तो आईवडिलांकडून आलेला एक गुणधर्म आहे.

अडचण केव्हा उद्भवते?

माता निगेटिव्ह, पिता पॉझिटिव्ह आणि बाळही पॉझिटिव्ह, या एकाच जुळणीत आर-एचची अडचण संभवते. माता पॉझिटिव्ह असल्यास पित्याचा गट कोणताही असो, हा प्रश्न उद्भवत नाही. दोघेही निगेटिव्ह असल्यास बाळही निगेटिव्हच असते. पिता पॉझिटिव्ह असला, तरी त्याला हा गुणधर्म आपल्या दोन्ही पालकांकडून मिळाला आहे की एकाच पालकाकडून, यावर पुढची गोष्ट अवलंबून असते. दोघांकडून मिळाला असल्यास त्याची सर्व मुले पॉझिटिव्ह होतात. एकाकडूनच मिळाला असल्यास प्रत्येक खेपेस बाळ निगेटिव्ह असण्याची शक्यता निम्मी असते.

गर्भारपणी आईचे व बाळाचे रक्त वेगवेगळे वाहत असते. वारेतून अन्न व प्राणवायूची देवाणघेवाण होते. परंतु दोन रक्तप्रवाह एकमेकांत सहसा मिसळत नाहीत. प्रसूतीच्या वेळी, वार सुटताना मात्र बाळाचे थोडेसे रक्त आईच्या रक्तात शिरू शकते. गर्भपात, गर्भनलिकेत राहिलेला गर्भ, गर्भारपणातील रक्तस्राव, पोटावर बसलेला मार, गर्भजलाची सुई घालून केलेली तपासणी किंवा आडवे-पायाळू बाळ बाहेरून फिरविण्याचा प्रयत्न या प्रसंगीही असे घडू शकते.

निगेटिव्ह मातेच्या शरीराला 'डी' प्रतिजन परका वाटतो आणि ते त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये बनवू लागते. प्रथम बनणारी प्रतिद्रव्ये आकाराने मोठी असल्याने वार ओलांडू शकत नाहीत. शिवाय तोवर बहुधा पहिले बाळ जन्मलेले असते. म्हणूनच पहिले अपत्य सहसा सुखरूप राहते. परंतु शरीर ही ओळख विसरत नाही. पुढील गर्भारपणी पॉझिटिव्ह बाळाच्या थोड्याशा पेशी जरी आईच्या रक्तात आल्या, तरी लहान आकाराची प्रतिद्रव्ये झपाट्याने तयार होतात, वार ओलांडून बाळाकडे जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. प्रत्येक खेपेस हा हल्ला बहुधा अधिक तीव्र होत जातो.

बाळावर होणारे परिणाम

पेशी फुटल्यामुळे बाळाला रक्तक्षय होतो. तो वाढल्यास हृदयावर ताण पडून सर्वांगाला सूज येते आणि बाळ गर्भातच दगावू शकते. फुटलेल्या पेशींपासून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. गर्भात असताना ते आईचे शरीर बाहेर टाकते. जन्मानंतर मात्र बाळाचे कोवळे यकृत तो भार पेलू शकत नाही. कावीळ फार वाढली, तर हे द्रव्य मेंदूत शिरून कायमचे अपंगत्व वा बहिरेपणा आणते. पुष्कळ नवजात बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सौम्य कावीळ होते व ती आपोआप ओसरते. परंतु जन्मापासून चोवीस तासांच्या आत दिसणारी कावीळ कधीही साधी समजू नये. अशा बाळाला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

कारणाचा शोध

१९३९ साली न्यूयॉर्क येथील फिलिप लेव्हिन व रूफस स्टेटसन यांनी एका मातेची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तिचे बाळ मृत जन्मले होते. तिला पतीचे रक्त देण्यात आले. ते ए-बी-ओ पद्धतीने जुळत असूनही तिला गंभीर त्रास झाला. बाळाने पित्याकडून घेतलेला एखादा घटक आईच्या शरीराला परका वाटला असावा आणि तोच घटक पतीच्या रक्तातही असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढच्याच वर्षी आर-एचचा शोध प्रसिद्ध झाला आणि १९४१ साली लेव्हिन यांनी या दोहोंतील दुवा स्पष्ट केला. ज्या दुःखाला आजवर नाव नव्हते, त्याला कारण सापडले.

उपचारांची वाटचाल

१९४० च्या दशकात बाळाचे रक्त थोडेथोडे काढून त्याजागी नवे रक्त भरण्याची पद्धत रूढ झाली. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड रुग्णालयात जीन वॉर्ड या परिचारिका बाळांना उन्हात नेत असत. एका बाळाचा उन्हात राहिलेला भाग फिका आणि चादरीच्या टोकाखाली झाकलेला भाग पिवळा राहिल्याचे त्यांनी डॉक्टरांच्या निदर्शनास आणले. या निरीक्षणातून प्रकाशोपचार जन्मास आला व १९५८ साली त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. आज रुग्णालयात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, ते याच कारणासाठी. मात्र घरी कोवळ्या उन्हात ठेवणे हा तीव्र काविळीवरील उपचार नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे विल्यम लायली यांनी १९६३ साली गर्भातील बाळालाच रक्त देऊन दाखविले. गर्भातील बाळ हाही एक स्वतंत्र रुग्ण आहे व त्यावर उपचार करता येतात, ही दृष्टी वैद्यकशास्त्राला या कार्याने दिली. आज सोनोग्राफीच्या साहाय्याने नाळेतील रक्तवाहिनीत रक्त देता येते. बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग डॉप्लर तपासणीने मोजून, सुई न घालताही रक्तक्षयाचा अंदाज बांधता येतो.

प्रतिबंध : अँटी-डी इंजेक्शन

उपचारापेक्षा प्रतिबंध बरा, या न्यायाने लिव्हरपूल येथे सिरिल क्लार्क, रोनाल्ड फिन व त्यांचे सहकारी, तर न्यूयॉर्क येथे व्हिन्सेंट फ्रेडा, जॉन गोरमन व विल्यम पोलॅक हे एकाच सुमारास कामास लागले. बाळाच्या पेशी आईच्या रक्तात आल्याबरोबर बाहेरून तयार प्रतिद्रव्य टोचले, तर त्या पेशी नष्ट होतात आणि आईचे शरीर स्वतःची प्रतिद्रव्ये बनवीतच नाही, असे त्यांनी सिद्ध केले. १९६८ साली अमेरिकेत या इंजेक्शनला मान्यता मिळाली.

आर-एच पॉझिटिव्ह बाळाच्या जन्मानंतर हे इंजेक्शन न घेतल्यास, रक्तगट अन्यथा जुळत असणाऱ्या शंभर मातांपैकी सुमारे सोळा मातांच्या शरीरात प्रतिद्रव्ये तयार होतात. प्रसूतीनंतर इंजेक्शन दिल्यास हे प्रमाण एक ते दोनवर येते आणि गर्भारपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यातही दिल्यास हजारात एक-दोनपर्यंत घटते. नेहमीची मात्रा ३०० मायक्रोग्रॅम असते. बाळ पॉझिटिव्ह असल्याची खात्री होताच प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ते द्यावयाचे असते. ही मुदत चुकली, तरी 'आता उपयोग नाही' असे समजून स्वस्थ बसू नये. उशिरा दिलेल्या इंजेक्शनाचाही काही लाभ होऊ शकतो.

एक मर्यादा मात्र आहे. आईच्या शरीरात प्रतिद्रव्ये एकदा तयार झाली, की हे इंजेक्शन ती पुसून टाकू शकत नाही. म्हणून प्रत्येक गर्भारपणी, प्रत्येक पॉझिटिव्ह बाळाच्या जन्मानंतर ते नव्याने घ्यावे लागते. प्रतिद्रव्ये आहेत की नाहीत, हे 'इनडायरेक्ट कूम्ब्ज' या रक्तचाचणीने कळते. ती आढळल्यास गर्भारपण मोठ्या रुग्णालयाच्या देखरेखीखाली पार पाडावे. योग्य उपचारांनी अशीही अनेक बाळे सुखरूप जन्मतात.

गर्भपातासंबंधी एक नाजूक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. पहिला गर्भ पडल्याची गोष्ट कित्येक घरांत दडवून ठेवली जाते; कधी ती सासरीही सांगितली जात नाही. परंतु डॉक्टरांपासून ती लपविल्यास पुढील बाळाचा जीव धोक्यात येऊ शकतो. बारा आठवड्यांच्या आतील गर्भपातानंतर इंजेक्शन आवश्यक नाही, असे मत जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली मांडले आहे. त्यानंतरच्या काळात मात्र ते घ्यावे लागते. निर्णय डॉक्टरांनी करावा, पण त्यांना माहिती तरी असली पाहिजे.

एका रक्तदात्याची कथा

अँटी-डी इंजेक्शन हे मूळात मानवी रक्तद्रवापासून बनते. आता पेशींपासून प्रयोगशाळेत तयार केलेले अँटी-डीही भारतात उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन यांच्या छातीवर वयाच्या चौदाव्या वर्षी मोठी शस्त्रक्रिया झाली. अनोळखी माणसांच्या रक्ताने आपला जीव वाचला, हे जाणून त्यांनी अठराव्या वर्षापासून रक्तदान सुरू केले. पुढे त्यांच्या रक्तात अँटी-डी प्रतिद्रव्य मुबलक असल्याचे आढळले. १९५४ पासून २०१८ पर्यंत, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षापर्यंत त्यांनी ११७३ वेळा दान केले. त्यांच्या दानाचा लाभ सुमारे चोवीस लाख बाळांना झाला, असा तेथील रक्तसेवेचा अंदाज आहे. त्यांच्या स्वतःच्या कन्येलाही हे इंजेक्शन घ्यावे लागले होते. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. सुईकडे पाहण्याचे धैर्य या माणसाला कधीच झाले नाही, तरीही तो देत राहिला.

आई 'ओ' गटाची असल्यास

आई 'ओ' गटाची व बाळ 'ए' किंवा 'बी' गटाचे असल्यासही बाळाला कावीळ होऊ शकते. ही प्रतिद्रव्ये निसर्गतःच शरीरात असल्याने पहिल्या बाळालाही त्रास संभवतो. परंतु तो बहुधा सौम्य असतो व प्रकाशोपचाराने बरा होतो. यासाठी वेगळे इंजेक्शन नाही. बाळावर पहिले काही दिवस लक्ष ठेवणे हाच उपाय.

विवाह आणि रक्तगट

पती-पत्नीचा रक्तगट एकच असल्यास मुले दुबळी होतात, ही समजूत निखालस खोटी आहे. तसेच मुलगी निगेटिव्ह आहे म्हणून स्थळ नाकारणे हा अज्ञानातून घडणारा अन्याय आहे. निगेटिव्ह मातेला वेळेवर इंजेक्शन मिळाले, तर तिची सर्व अपत्ये इतरांच्या अपत्यांइतकीच निरोगी असू शकतात. विवाहपूर्व शिबिरास येणाऱ्या जोडप्यांनी आपापला रक्तगट जाणून घ्यावा. मात्र तो नाते मोडण्यासाठी नव्हे, पुढची काळजी घेण्यासाठी.

ध्यानात ठेवावे असे

• गर्भारपणाच्या पहिल्याच भेटीत रक्तगट तपासून माता व बाल संरक्षण कार्डावर नोंदवून घ्यावा.

• माता निगेटिव्ह असल्यास पतीचाही रक्तगट तपासावा व कूम्ब्ज चाचणीविषयी विचारावे.

• अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या इंजेक्शनाची तारीख आधीच ठरवावी. त्याची किंमत काही हजार रुपयांपर्यंत जाऊ शकते. सरकारी रुग्णालयात ते मिळेल का, याची चौकशी आधीच करावी.

• गर्भारपणी रक्तस्राव झाल्यास वा पोटाला मार लागल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

• प्रसूतीनंतर बाळाचा रक्तगट विचारावा व ७२ तासांचे भान ठेवावे. घरी जाण्याच्या गडबडीत ही गोष्ट राहून जाते.

• इंजेक्शन घेतल्याचा कागद पुढील बाळंतपणापर्यंत जपून ठेवावा.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार, जगभरात ज्या स्त्रियांना या इंजेक्शनाची गरज आहे, त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते मिळत नाही. औषध अर्धशतकाहून अधिक काळ उपलब्ध आहे. उणीव आहे ती माहितीची आणि वेळेवर विचारलेल्या एका प्रश्नाची. आपल्या घरात वा शेजारी कोणी गर्भवती असेल, तर 'तुझा रक्तगट कोणता?' एवढे तिला आस्थेने विचारावे. त्या एका प्रश्नाने कदाचित अजून न जन्मलेल्या जिवाचे रक्षण होईल.