टॉर रिले

टॉर रिले : टॉर या अनामिकता-जालातील वाहतूक पुढे सरकवणारा, स्वयंसेवकाने चालवलेला सर्व्हर. टॉर प्रोजेक्ट ही संस्था आज्ञावली लिहिते. प्रत्यक्ष वाहतूक मात्र जगभरच्या व्यक्ती, विद्यापीठे, ग्रंथालये आणि छोट्या संस्था यांनी पदरमोड करून चालवलेल्या काही हजार रिलेंवरून जाते. टॉर वापरणारा अनामिक राहतो, रिले चालवणारा राहत नाही. प्रत्येक रिलेचा आयपी पत्ता, टोपणनाव, वेग आणि आवृत्ती सार्वजनिक यादीत असते. चालकाने संपर्काचा ईमेलही द्यावा अशी अपेक्षा असते. देखभालीतल्या बऱ्याच कटकटी या उघडेपणातून येतात.

‘अनियन राउटिंग’ची कल्पना १९९०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत पुढे आली. पॉल सायव्हर्सन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग हे तिचे जनक. फक्त नौदलाचेच लोक वापरतात असे जाल नौदलाला लपवू शकत नाही, ही मेख पहिल्यापासून स्पष्ट होती; म्हणून ते सर्वांना खुले असणे भाग होते. रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांच्या साथीने २००२ मध्ये टॉर सुरू झाले. २००३च्या अखेरीस रिले होते जेमतेम डझनभर, बहुतेक अमेरिकेत. टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था २००६ची.

वापरकर्त्याचा संगणक प्रत्येक जोडणीसाठी तीन रिले निवडतो आणि मजकुरावर कूटलेखनाचे तीन थर चढवतो. पहिल्या रिलेला (गार्ड) वापरकर्ता कोण ते कळते, तो कुठे चालला आहे ते कळत नाही. शेवटच्याला (एक्झिट) मुक्काम कळतो, पाठवणारा कळत नाही. मधल्याला (मिडल) यांपैकी काहीच कळत नाही. एकाच माणसाचे दोन रिले एका साखळीत येऊ नयेत म्हणून चालकाने आपले सगळे रिले एक ‘कुटुंब’ म्हणून जाहीर करायचे असतात. हे जाहीर करणे चालकाच्या सचोटीवर सोडलेले असल्यामुळे जास्तीची तजवीज आहे : आयपी पत्त्याचे पहिले दोन आकडे सारखे असलेले दोन रिले एका साखळीत घेतले जात नाहीत.

रिले उभारणे फारसे अवघड नाही. लिनक्सचा सर्व्हर, स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता, दोन्ही दिशांना सेकंदाला किमान १० मेगाबिट वेग, महिन्याला निदान १०० गिगाबाइट बाहेर जाऊ देणारी योजना आणि ‘टॉरआरसी’ या फाइलीत पाच-सहा ओळी एवढ्यावर काम भागते. खरी परीक्षा त्यानंतरच्या वाट पाहण्याची. पहिले सुमारे तीन दिवस नव्या रिलेकडे नगण्य वाहतूक येते, कारण त्याचा वेग अजून कोणी मोजलेला नसतो. मग बाहेरून मापन सुरू होते आणि तो मिडल म्हणून रुळतो. आठव्या दिवसाच्या आसपास त्याला गार्डचा दर्जा मिळू शकतो, पण तो मिळताच वाहतूक उलट घटते : गार्ड म्हणून त्याला निवडलेले वापरकर्ते अजून थोडे असतात आणि मिडल म्हणून त्याची निवड कमी होऊ लागते. ‘माझा रिले बिघडला का?’ ही नवख्या चालकाची ठरलेली तक्रार. उत्तरही ठरलेले : थांबा. साधारण दोन महिन्यांनंतर गाडी रुळावर येते. हा दर्जा ठरवतात नऊ ‘निर्देशिका-अधिकारी’ सर्व्हर. ते दर तासाला मतदान करून साऱ्या जालाची एक सहमतीची यादी प्रसृत करतात, आणि ज्याचे नाव त्या यादीत नाही तो रिले चालू असूनही कोणाच्या वाट्याला येत नाही.

रिलेची ओळख ‘कीज’ नावाच्या छोट्या फोल्डरमधल्या गुप्त किल्ल्यांत असते. सर्व्हर बदलताना त्या नेल्या तर कमावलेली पत टिकते; हरवल्या तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. घड्याळ अचूक लागते. आज्ञावली जुनी ठेवून चालत नाही : ऑक्टोबर २०१९ मध्ये कालबाह्य आवृत्त्यांवर चालणारे आठशेच्या आसपास रिले जालातून काढून टाकण्यात आले. एक्झिट चालवणाऱ्याने संकेतस्थळांचे पत्ते शोधण्यासाठी स्वतःच्याच सर्व्हरवर सोय करावी असा आग्रह असतो, नाहीतर साऱ्यांच्या भेटींचा माग एखाद्या मोठ्या कंपनीच्या हाती आयता पडतो.

एक्झिटची गोष्टच वेगळी. जगाला दिसतो तो त्याचा पत्ता, त्यामुळे कोणी चित्रपट चोरून उतरवला, कोणी पासवर्ड ठोठावून पाहिले, की तक्रार येते सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे, आणि तिथून चालकाकडे, बहुधा ‘२४ तासांत खुलासा करा’ अशा थाटात. मुरलेला चालक उत्तराचा मसुदा तयार ठेवतो. पत्त्याच्या नावातच ‘टॉर-एक्झिट’ हे शब्द घालतो, त्या पत्त्यावर येणाऱ्याला खुलाशाचे पान दाखवतो, आणि ईमेलचे २५ क्रमांकाचे पोर्ट बंदच ठेवतो. एक्झिट घरच्या जोडणीवरून चालवू नये, हा जुन्याजाणत्यांचा पहिला सल्ला. एप्रिल २०१७ मध्ये रशियात दिमित्री बोगातोव या गणिताच्या अध्यापकाला दंगलीस चिथावणी दिल्याच्या आरोपावरून अटक झाली. मजकूर त्याच्या घरच्या एक्झिटच्या पत्त्यावरून गेला होता. आरोप मागे घेतले गेले ते पुढच्या वर्षी. हा भार वाटून घेण्यासाठी संस्थाच एक्झिट चालवतात : फ्रान्समध्ये नोज ओन्यों, स्वीडनमध्ये डीएफआरआय, अमेरिकेत एमराल्ड अनियन.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या लेबनन गावच्या किल्टन ग्रंथालयाने २०१५ मध्ये साधा मिडल रिले लावला, तरी अंतर्गत सुरक्षा खात्याकडून पोलिसांमार्फत निरोप आला आणि रिले बंद झाला. सप्टेंबरात विश्वस्तांच्या बैठकीत गावकरी बाजूने उभे राहिले आणि तो पुन्हा सुरू झाला.

चालक कोणीही होऊ शकतो, म्हणजे दुष्ट हेतूचाही. २०१४च्या पूर्वार्धात ११५ रिलेंचा एक गट जालात शिरून वापरकर्त्यांचा माग काढत होता. उघडकीस यायला पाच महिने लागले. २०२०मध्ये एका टोळीच्या हाती एक्झिट क्षमतेचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला होता आणि ती आभासी चलनाचे व्यवहार वळवत होती. आपल्याला जवळचे उदाहरण २००७चे : स्वीडनच्या डॅन एगरस्टॅडने पाच एक्झिट चालवून त्यांतून उघड्यावर जाणारे पासवर्ड टिपले व शंभर खात्यांची यादी जाहीर केली. तीत भारतीय वकिलातींची खाती होती, तशीच खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचीही. त्याने काहीही फोडले नव्हते. टॉर पत्ता लपवते. कूटलेखन न केलेला मजकूर एक्झिटला वाचता येतो, हे वापरणाऱ्यांना ठाऊकच नव्हते.

ऑक्टोबर २०२४मध्ये हल्ल्याची तऱ्हा बदलली. कोणीतरी रिलेंच्या नावाने खोटे पाकीट-संदेश जगभर उधळले. तक्रारींचा पाऊस पडला आणि एक्झिट नसलेल्या, निरुपद्रवी रिलेंनाही भाड्याच्या जागेतून हुसकावले जाऊ लागले. उगम शोधून तो प्रकार ७ नोव्हेंबरला थांबवण्यात आला.

जिथे सरकार सार्वजनिक यादीतले सगळे पत्तेच अडवते तिथे ‘ब्रिज’, म्हणजे यादीत नसलेले रिले, उपयोगी पडतात. त्याहून हलका प्रकार ‘स्नोफ्लेक’ : ब्राउझरमध्ये एक जोड-आज्ञावली बसवली की ब्राउझर चालू असेपर्यंत तो अडवलेल्यांसाठी तात्पुरती वाट बनतो. इराणमध्ये सप्टेंबर २०२२च्या निदर्शनांच्या काळात स्नोफ्लेकचा वापर झपाट्याने वाढला.

भारतात घरगुती ब्रॉडबँडला स्वतंत्र आयपी पत्ता बहुधा मिळत नाही, त्यामुळे घरून रिले चालवणे अवघड. भाड्याच्या सर्व्हरबाबत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशानुसार पुरवठादाराला ग्राहकाची पडताळलेली माहिती पाच वर्षे ठेवावी लागते. ज्या चालकाने नाव-ईमेल आधीच जाहीर केले आहे त्याला याचे फारसे ओझे नसते. अडते ते पुरवठादाराच्या करारावर, कारण अनेकजण एक्झिटला स्पष्ट मनाई करतात. स्नोफ्लेकला मात्र यांपैकी कशाचीच गरज लागत नाही.